उजव्या भोकातली रिकामी पिन

नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. कोथरूडमधल्या एका मैदानावर दुसऱ्या दिवशीच्या ‘दिवाळी पहाट’चा मांडव उभा राहिला होता. खुर्च्यांच्या थप्प्या अजून सोडलेल्या नव्हत्या. स्टेजच्या पायरीवर बसून दोन बायका झेंडूच्या माळा ओवत होत्या आणि निवेदक माइकवर ‘एक, दोन, रसिकहो’ असं पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होता. साडेआठला माझी पाळी आली. पियानोवर बसलो, एका भावगीताच्या सुरुवातीचा तुकडा वाजवला, आणि समोरच्या स्पीकरमधून जे बाहेर आलं ते ऐकून माळा ओवणाऱ्या बाईंनीही मान वर केली. विहिरीच्या तळाशी कुणी कळशी आपटावी तसा तो आवाज होता. डाव्या हाताला वजन नाही, मधलं सप्तक पोकळ, आणि उरलेलं सगळं धुकं.

“दादा, पियानो फार बारीक येतोय,” मी म्हणालो.

“सर, माझ्याकडे लेव्हल फुल आहे,” मिक्सरवरचा मुलगा म्हणाला. “वाद्याचाच आवाज तसा असेल.”

वाद्य माझंच होतं, घरून आणलेलं. रात्री हेडफोन लावून मी ज्याच्यावर बेहद्द खूश असतो तेच. मुलानं बेस वाढवला, तर धुकं घोंघावायला लागलं. ट्रेबल वाढवला, तर कळशी आणखी जवळ आपटायला लागली. दहा मिनिटं अशी गेली. मग साउंडचे मालक आले. साठीचे काका, स्वेटर आणि कानटोपी घातलेले. मिक्सरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थेट स्टेजवर चढले, पियानोच्या मागची वायर उपसली आणि पिन दिव्याकडे धरली.

“दोन काळ्या रेघा. स्टिरिओ पिन आहे ही. हेडफोनच्या भोकातून काढलीत ना?”

काढली होती. माझ्या पियानोला दुसरं भोकच नव्हतं. घरगुती, स्वस्तातल्या बऱ्याच डिजिटल पियानोंना नसतं.

काकांनी जे सांगितलं ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तर वीसेक वर्षं स्टेजवर वाजवत आलो होतो. साउंडवाले जिला पी-३८ म्हणतात त्या जाड पिनेच्या टोकावर हेडफोनचा डावा आवाज असतो, मधल्या कडीवर उजवा. पण मिक्सरच्या तोंडाला ही भाषा कळत नाही. त्याला शिकवलंय ते असं: दोन तारांवर एकच आवाज येईल, एकीवर सुलट आणि दुसरीवर उलट. तू एकीतून दुसरी वजा कर. वाटेत दिव्यांच्या वायरींमधून जो खरखराट चिकटतो तो दोन्ही तारांवर सारखाच चिकटतो, त्यामुळे वजाबाकीत तो उडून जातो आणि आवाज राहतो. लांब वायरीतून आवाज स्वच्छ नेण्याची ही युक्ती उत्तम आहे. आम्ही मात्र त्या तोंडात डावा आणि उजवा कोंबला होता. दोन्हीकडे सारखं जे काही होतं ते मिक्सरनं कचरा समजून टाकून दिलं. आणि पियानोत डाव्या-उजव्या बाजूंना सारखा असतो तो पियानोचा गाभाच. उरतं काय, तर दोन्हीकडे वेगवेगळं असलेलं, म्हणजे मुख्यतः खोलीचा घुमारा. तेच आमचं धुकं.

काकांनी पिशवीतून एक दुतोंडी वायर काढली, एका स्टिरिओ पिनेच्या दोन मोनो पिना झाल्या, त्या एका छोट्या लोखंडी डबीत गेल्या आणि डबीतून दोन माइकच्या वायरी मिक्सरकडे. मी पुन्हा तोच तुकडा वाजवला. माळावाल्या बाई म्हणाल्या, “आता कसं!”

वाद्य तेच, बोटं तीच, स्पीकर तेच होते. बदलली होती फक्त दीड हात वायर.

त्या संध्याकाळनंतर मला या विषयाचा नादच लागला. मधल्या दोन वर्षांत पुण्यात, ठाण्यात, कोल्हापुरात आणि पणजीत मी साउंडवाल्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो, कीबोर्ड वाजवणाऱ्यांच्या पिशव्या उपसून पाहिल्या. सगळ्यांकडे एक तक्रार समान होती. डिजिटल पियानो दुकानात छान वाटतो, घरी छान वाटतो आणि स्टेजवर गेला की खोका होतो. बहुतेकांनी त्यावर उपाय एकच केला, तो म्हणजे आणखी महाग पियानो घेणं. माझ्या मते हा पैसा दहातल्या आठ वेळा वाया जातो.

का जातो ते कळायला आधी खऱ्या पियानोत काय होतं ते पाहावं लागेल. त्यात साधारण २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्र ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो. हातोडी तारेवर पडते, पण नुसत्या तारेचा आवाज शेजारच्या खोलीतही जाणार नाही. तो मोठा होतो तारांखालच्या लाकडी तक्त्यामुळे. तारेची थरथर तक्ता उचलतो आणि खोलीतली हवा हलवतो. पियानोचं अंग म्हणजे तो तक्ता. इटलीच्या फ्लॉरेन्समध्ये १७००च्या सुमाराला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं हातोडीचा पियानो घडवला तेव्हापासून आजवर यात मूलतः काही बदललेलं नाही.

डिजिटल पियानोला तक्ता नाही. त्याच्या पोटात आहे ते बहुधा रेकॉर्डिंग. कुठल्याशा स्टुडिओत एका चांगल्या ग्रँड पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात वाजवून, दोन माइक लावून टिपून घेतलेली असते. काही वाद्यं रेकॉर्डिंगऐवजी गणितानं आवाज घडवतात, पण आपल्याकडच्या स्टेजवर ती थोडी. तुम्ही पट्टी दाबली की यंत्र बोटाचा वेग मोजतं, त्याला १ ते १२७ मधला एक आकडा देतं आणि त्या आकड्याला शोभेल तो तुकडा वाजवतं. आवाज मोठा करायचं काम ते करतच नाही. ते काम समोरच्या स्पीकरचं. म्हणजे मैदानात दोन हजार लोकांपुढे डिजिटल पियानो घेऊन बसलेला माणूस अर्धंच वाद्य घेऊन बसलेला असतो. उरलेलं अर्धं साउंडवाल्याच्या टेंपोतून येतं.

मग खरा पियानोच का नाही आणायचा? मोठा कॉन्सर्ट ग्रँड नऊ फूट लांब आणि जवळपास ४८० किलोचा. तो हलवला की सूर लावायला माणूस लागतो, आणि मुंबई-गोव्याच्या दमट हवेत तो नुसता जागेवर ठेवला तरी लागतो. शिवाय मैदानात त्यालाही माइक लावावेच लागतात, म्हणजे श्रोता शेवटी स्पीकरच ऐकतो. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमधलं १९८०चं टाटा थिएटर माइकशिवाय गाणं-वाजवणं ऐकता यावं म्हणून मुद्दाम बांधलेलं आहे. तिथली गोष्ट वेगळी. कोथरूडच्या मांडवाची वेगळी.

आपल्या मनातला पियानो हिंदी सिनेमानं घडवला. १९४९च्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमार आणि १९६४च्या ‘संगम’मध्ये राज कपूर पियानोपाशी बसले आणि पियानो म्हणजे भर पार्टीत नायकानं मनातली जखम उघडी करण्याची जागा, हे पक्कं झालं. तो आवाज ज्यांच्या बोटांतून यायचा त्यांत ल्युसिला पाशेकोंसारख्या वादक होत्या, आणि मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमधले कितीतरी वादक गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन शिकून आलेले होते. पडद्यावरची पाटी मात्र संगीतकाराची. असो. सांगायचं एवढंच की श्रोत्याच्या कानात जो पियानो आहे तो स्टुडिओतला, माइकसमोरचा, निवांत पियानो आहे. तो स्टेजवर नेण्याची धडपड जुनी आहे. यामाहानं १९७६ साली सीपी-७० काढला तो खऱ्या तारांचा होता, पण तक्त्याऐवजी पिकअप बसवलेला आणि दोन भागांत सुटा होणारा. स्टीव्ही वंडर आणि रे कर्झवाइल यांच्या बोलण्यातून १९८४चा कर्झवाइल के-२५० आला, तो रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा. १९८८च्या कॉर्ग एम-१चा टणटणीत पियानो तर नव्वदीतल्या जगभरच्या गाण्यांमध्ये ऐकू येतो. आज अकरा-बारा किलोंचं वाद्य रिक्षातून नेता येतं. रिक्षात आडवं मावत नाही, तिरकं घालावं लागतं, पण जातं.

आता त्या दोन माइकांकडे येऊ. सगळी गंमत आणि बहुतेक गोंधळ तिथेच आहे.

डिजिटल पियानोतलं रेकॉर्डिंग बहुधा वाजवणाऱ्याच्या जागेवरून केलेलं असतं. खर्ज डावीकडे, तार सप्तक उजवीकडे. हेडफोनमध्ये त्यामुळे आपण खऱ्या पियानोपुढे बसल्यासारखं वाटतं. पण स्टेजच्या दोन टोकांना बारा-पंधरा मीटर अंतरावर स्पीकरचे मनोरे असले की हाच पियानो पंधरा मीटर रुंद होतो. डावीकडच्या खुर्चीतल्या आजोबांना डावा हात ऐकू येतो, उजवीकडच्या सूनबाईंना उजवा. पूर्ण गाणं कुणालाच नाही, मधल्या रांगेतल्या चार-सहा लोकांना सोडून. म्हणून जाणकार साउंडवाला दोन्ही बाजू एकमेकींजवळ आणतो. घड्याळाच्या भाषेत दहा आणि दोनवर. कधी पार बारावर.

पार बारावर आणलं, म्हणजे मोनो केलं, की दुसरी पंचाईत. आपल्या कितीतरी नाट्यगृहांत साउंड मोनोच असतो. नाहीतर साउंडवाला म्हणतो, “चॅनल एकच शिल्लक आहे, एकच वायर द्या.” पण रेकॉर्डिंगच्या वेळी पियानोची तार एक, माइक दोन. एका माइकपर्यंत आवाज आधी पोचला, दुसऱ्यापर्यंत जरा उशिरा. दोघांच्या अंतरात साधारण ३४ सेंटिमीटरचा फरक असला की एक मिलिसेकंदाचा उशीर होतो. असे दोन आवाज एकत्र मिसळले की ५०० हर्ट्झवर ते एकमेकांना खातात, मग १,५०० वर, मग २,५०० वर. कंगव्याच्या दातांसारख्या फटी पडतात. आणि रेकॉर्डिंग प्रत्येक पट्टीचं वेगळं असल्यामुळे फटी प्रत्येक स्वराच्या वेगळ्या. गांधार ठणठणीत येतो, शेजारचा मध्यम सर्दी झाल्यासारखा. वाजवणाऱ्याला वाटतं आपलं बोट कच्चं पडलं.

याच्यावरचा तोडगा मला कोल्हापुरात सापडला. तिथल्या एका ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवाल्याच्या पिशवीत तपकिरीची जुनी डबी होती. डबीत एक पी-३८ पिन, वायर न जोडलेली. मी विचारलं, ही कशाला? तो हसला. पियानोच्या मागे दोन भोकं असतात, डाव्यावर लिहिलेलं असतं ‘मोनो’. नुसत्या डाव्यात पिन घातली की वाद्य स्वतःच दोन्ही बाजू पोटात मिसळून देतं, म्हणजे फटी घरूनच तयार होऊन येतात. पण उजव्या भोकात काहीही घातलं, अगदी रिकामी पिन घातली, तरी वाद्याला वाटतं दुसरी वायर जोडली. मग ते डावीकडून निव्वळ डावा आवाज देतं. एकाच माइकचा, बिनफटीचा. पूर्ण नाही, एका बाजूचा, पण धडधाकट. कुठली बाजू बरी ते वाद्यावर अवलंबून असतं. तो दोन्ही ऐकून ठरवतो. “साहेब, ह्या वायर नसलेल्या पिनंनं जेवढा आवाज सुधारला तेवढा दोन लाखांच्या वाद्यानं नाही सुधारला,” असं त्याचं म्हणणं. काही पियानोंत मोनोसाठी वेगळा आवाज भरलेला असतो. तो असेल तर प्रश्नच मिटला, पण तो शोधायला माहितीपुस्तक उघडावं लागतं. ते आपण गॅसच्या कार्डाबरोबर कपाटात ठेवलेलं असतं.

काकांची ती लोखंडी डबी म्हणजे डीआय. हिच्याविषयी थोडक्यात. पियानोची साधी वायर पाच-सहा मीटरपर्यंत ठीक. मिक्सर मैदानाच्या मध्यावर असतो आणि तिथपर्यंत चाळीस-पन्नास मीटर जायचं असतं. डबीतला छोटा ट्रान्सफॉर्मर पियानोच्या आवाजाची मिक्सरला कळणारी सुलट-उलट जोडी करून देतो आणि पियानोची वीज व मिक्सरची वीज यांची फारकत करतो. स्टेजवर एलईडीची भिंत असली, दिव्यांचे डिमर असले की जी ५० हर्ट्झची घूंऽऽ ऐकू येते, ती बहुधा दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमुळे वायरींमध्ये फिरणारी वीज असते. डबीवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण दाबलं की ती बहुधा थांबते. काही जण त्याऐवजी प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. घूं थांबते, पण ओल्या मैदानावर हातात लोखंडी माइक धरलेल्या गायकाच्या जिवावर. कुणी असं करताना दिसलं तर भीड न ठेवता थांबवा.

आता घरी छान वाटणारा आवाज. घरी आपण हळू आवाजात ऐकतो. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी अमेरिकेत हे १९३३मध्ये मोजून दाखवलं. त्यामुळे घरी बसून आवाज निवडताना आपण नकळत खर्ज भरलेला, चकचकीत आवाज निवडतो, वर वाद्यातला हॉलचा घुमारा लावतो. स्टेजवर तोच आवाज दसपट मोठा झाला की कान दोन्ही टोकं भरभरून ऐकतो. खर्ज गढूळ, टीप टोचरी. घुमारा तर तिप्पट होतो, कारण रेकॉर्डिंगमधला स्टुडिओ, वाद्यातला नकली हॉल आणि खरा हॉल हे तिन्ही एकमेकांवर चढतात. कार्यक्रमाला निघताना वाद्यातला घुमारा बंद करून निघावं. हवाच असेल तर साउंडवाला देईल. घरी अगदी कोरडा, काहीसा रूक्ष वाटणारा पियानो मैदानात बहुधा देखणा निघतो. मला हे पटायला फार वर्षं लागली, कारण रूक्ष आवाजावर सराव करायला मन होत नाही.

मिक्सरवर मग फारसं करायचं उरत नाही. बास गिटार असेल तर पियानोचा ८० हर्ट्झखालचा भाग कापायचा, अडीचशे-तीनशेच्या आसपास चिखल असतो तो थोडा काढायचा, आणि हात मागे घ्यायचा. पणजीतल्या एका साउंड इंजिनिअरनं मला फेडर दाखवत सांगितलं की पियानोचा इक्यू जेवढा वाकडा, तेवढी आधी कुठेतरी चूक झालेली. वायर बघ, पिन बघ, मग नॉब.

पण हे सगळं जमलं तरी एक गोष्ट राहते, आणि माझ्या मते निम्मा खेळ तिथे आहे. ती म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचा पियानो ऐकू येतो का.

ठाण्यात एका कार्यक्रमाला मी कीबोर्डवाल्याच्या मागे बसलो होतो. त्यानं पियानो लॅपटॉपला जोडला होता आणि पडद्यावर प्रत्येक स्वराचा तो १ ते १२७ मधला आकडा उमटत होता. दुपारी साउंड चेकला आकडे साठ, सत्तर, क्वचित नव्वद. आवाज गोल, बोलका. कार्यक्रम सुरू झाला, ढोलकी आली, ऑक्टोपॅड आला, बासरी आली. त्याच्या पुढ्यात मॉनिटर एकच, तोही शेजारच्या तबलेवाल्याबरोबर वाटून घेतलेला, आणि त्यातून तबलाच जास्त येत होता. तिसऱ्या गाण्याला आकडे शंभरावर गेले. पाचव्याला एकशे दहा, एकशे अठरा. बिचारा आपलं ऐकू यावं म्हणून बडवत होता. आणि पियानोत जोरात मारलेल्या पट्टीचं रेकॉर्डिंग नुसतं मोठं नसतं, ते वेगळं असतं. धारदार, कडक, हातोडी ऐकू येणारं. बाहेर मिक्सरवरच्या माणसाला तो आवाज टोचला, त्यानं पियानो खाली घेतला. त्याच चॅनलवरून मॉनिटरला जाणारा आवाजही मग खाली गेला, कारण ती लाइन फेडरनंतर घेतलेली होती. कीबोर्डवाल्याला आणखी कमी ऐकू आलं. त्यानं आणखी जोर लावला. मध्यंतरापर्यंत दोन सज्जन माणसं एकमेकांना न पाहता एकमेकांचा घात करत होती, आणि श्रोत्यांना वाटत होतं की पियानोवाल्याला हळुवार वाजवता येत नाही.

मध्यंतरात कुणाचा तरी जुना छोटा स्पीकर सापडला. तो त्याच्या उजव्या कानाजवळ, स्टुलावर, पियानोमधून थेट वायर देऊन ठेवला. दुसऱ्या भागातलं पहिलंच गाणं संथ होतं. आकडे पासष्टवर आले. मी वळून पाहिलं, तर मिक्सरवरच्या माणसानं पियानोचा फेडर वर ढकललेला होता. त्यांचं आपापसात एक अक्षरही बोलणं झालेलं नव्हतं.

गिटारवाला स्वतःचा अ‍ॅम्प घेऊन येतो, ढोलकीवाल्याच्या मांडीत ढोलकीच असते, पेटीवाल्याच्या छातीशी पेटी. डिजिटल पियानोवालाच एकटा असा की त्याचं वाद्य त्याच्यासमोर मुकं असतं. म्हणून आता माझ्या पिशवीत आठ इंची छोटा स्पीकर असतो. त्याचं वजन पियानोइतकंच आहे. बायको म्हणते, दोन पियानो घेऊन जातोस.

बोटांचाही दोष असतोच, तो साउंडवाल्याच्या माथी मारू नये. घरी एकटं वाजवताना डावा हात खर्जात भरभरून चालतो. स्टेजवर तिथे बास गिटार बसलेली असते, मधल्या सप्तकात पेटी, तिच्यावर गायक. पियानोवाल्यानं सगळीकडे हात मारला की चिखल होतो, आणि तो चिखल कुठल्याही नॉबनं निघत नाही. भावगीताच्या साथीत मी डावा हात अर्ध्याहून जास्त वेळ मांडीवर ठेवतो. शिकवताना मुलांना हे सांगितलं की त्यांना वाटतं सर आळशी आहेत. पेटीबरोबर आणखी एक बारकावा आहे. पियानोचे वरचे स्वर लावताना किंचित चढे आणि खालचे किंचित उतरे लावतात, कारण जाड, ताठ तारांचे उपस्वर चढे असतात. दोन्ही टोकांचा हा ताण डिजिटल पियानोतही उतरलेला असतो. पेटी मात्र सरळ असते. तार सप्तकात दोघं एकच सुरावट वाजवू लागले की कानाला बारीक कुसळ लागतं. बऱ्याच वाद्यांत हा ताण काढून टाकायची सोय आहे. ती वापरावी, नाहीतर तिथे पेटीला जागा द्यावी.

कोथरूडच्या त्या मैदानावर परत येतो, कारण पहाटे आणखी एक प्रकार झाला. खुल्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे, २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. त्यामुळे साउंड चेक आदल्या संध्याकाळी उरकायचा आणि पहाटे थेट सुरुवात. संध्याकाळी हवा चोवीस-पंचवीस अंशांची होती, पहाटे पंधरा-सोळा. बासरीतली हवा थंड झाली की तिचा सूर उतरतो, अंशाला साधारण तीन सेंट. शंभर सेंटचा एक अर्धस्वर. फुंकून फुंकून बासरी ऊब धरते, पण सुरुवातीला ती उतरलेलीच. माझा पियानो मात्र थंडीत नाही की उन्हात नाही, आदल्या रात्री ४४०ला होता तो पहाटेही ४४०लाच. पहिल्याच गाण्यात बासरीवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावंसं वाटलं. मी वाद्याची कळ फिरवून ४३६ केलं. त्यांनी मान डोलावली. पेटीवाल्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, कारण पेटीच्या सुरी थंडीनं फारशा हलत नाहीत. शेवटी ४३८वर तिघांचा तह झाला. सात वाजता ऊन आल्यावर बासरीवाल्यांनी बोटानंच वर जायची खूण केली.

काका मिक्सरपाशी कानटोपी काढून उभे होते. मुलगा फेडरवर होता. पियानो चांगला वाजत होता असं मला नंतर सांगण्यात आलं. स्टेजवरून ते कळत नाही.

आयोजकांना एकच विनंती. कार्यक्रमाच्या खर्चात फुलांची कमान, एलईडीची भिंत, मान्यवरांच्या शाली हे सगळं असतं. त्याच कागदावर पियानोसाठी दोन डीआय, एक स्वतंत्र मॉनिटर आणि वीस मिनिटांचा साउंड चेक एवढं लिहा. एका शालीच्या भाड्यात डीआय येते. शाल भाड्यानं मिळत नाही हे मला माहीत आहे, पण डीआय मिळते.

आणि रसिकांनो, यंदा पहाटेला गेलात तर पुढे जायची घाई करू नका. स्पीकरचे मनोरे पहिल्या चार-पाच रांगांच्या डोक्यावरून बोलतात, आणि तिथे ऐकू येतो तो स्टेजवरच्या मॉनिटरांचा उलटा आवाज आणि खालच्या बेसचा दणका. मैदानाच्या मध्यावर जिथे मिक्सरचं टेबल असतं त्याच्या अलीकडची रांग धरा. साउंडवाला जे ऐकून पियानो लावतो तेच तिथे तुम्हाला ऐकू येईल. पहिल्या रांगा तशाही मान्यवरांसाठी राखीव असतात.